आठी काढण्याआधी

आठ्या घालवणारं बोटॉक्सचं इंजेक्शन घ्यावं की नाही, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर आधी अभिनंदन. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर गेलेला असताना ज्याला असे प्रश्न सुचतात, त्याच्या घरचा कूलर उत्तम चालतो.

आता आरशासमोर बसा आणि दोन भुवयांमधली ती उभी आठी घरात काय काय कामं करते, ते आठवा. पोह्यांवर तर्री कमी पडली की ती पडते. नवरा रात्री दहाला 'फुटाळा तलावावरून आलोच' म्हणाला की पडते. तोंडातून अक्षर न काढता चाललेला हा सगळा कारभार तुम्हाला मोडीत काढायचा आहे. औषध आठी पाडणाऱ्या स्नायूंपर्यंत नसेचा निरोप पोचूच देत नाही, एवढंच त्याचं काम. राग जिथल्या तिथे शाबूत राहतो.

आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी कपाळासकट सगळं करून घेतलं. गोकुळपेठ बाजारात वांग्यांचा भाव ऐकून त्यांनी नेहमीसारख्या भुवया उंचावल्या, म्हणजे उंचवायला गेल्या. कपाळ वारा पडलेल्या अंबाझरी तलावासारखं निवांत. भाजीवाल्यानं क्षणभर वाट पाहिली, 'पटला न ताई?' म्हणाला आणि किलोभर वांगी पिशवीत ओतूनही मोकळा झाला.

तरीही घ्यायचंच असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे अजिबात जाऊ नका. तो नको ते विचारतो. गरोदर आहात का, बाळाला पाजता का, स्नायूंचा काही आजार, रक्त पातळ करायची गोळी? वर सांगतो, चेहरा स्वस्थ असतानाही दिसणारी रेघ यानं पूर्ण जाईलच असं नाही, आणि त्याआधी उन्हात सनस्क्रीन लावा. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस! त्यापेक्षा फेशियलसोबत सवलतीत टोचून देणारं पार्लर बरं. ही कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते म्हणे. तिथे ती कोल्ड कॉफीशेजारी असते, लाइट असेपर्यंत. सुई जरा चुकली आणि पापणी लोंबली तर घाबरू नका, काही आठवड्यांत वर येते. तोवर डुलकी लागली म्हणा. नागपुरात दुपारी कुणाला शंका यायची नाही.

मुहूर्ताचं बोलू. असर तीन-चार दिवसांनी दिसू लागतो, पुरता दोन आठवड्यांनी. म्हणून लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी घ्या, म्हणजे वऱ्हाड परत गेल्यावर चेहरा गुळगुळीत होईल. फारच हौस असेल तर महिनाभर आधी घ्या. पाठवणीला डोळ्यांतून धारा लागतील, कपाळ ढिम्म राहील, आणि मागून कुणीतरी म्हणेल, 'पाहा न, मायले काही वाटूनच नाही राहिलं!'

तशी काळजी नको, हे सगळं तीन-चार महिन्यांचं. अमेरिकेत २००२ साली भुवयांमधल्या आठ्यांसाठी याला मान्यता मिळाली, पण कायमचं काही त्यांनाही जमलेलं नाही. अक्षय तृतीयेला घेतलंत तर पोळ्याच्या सुमारास उतरेल. दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत'च्या आरोळ्यांत कुणाचा तरी कोपर लागेल आणि कपाळावर चांगली ठसठशीत आठी उमटेल. ती पुसट व्हायच्या आत पार्लर गाठा आणि पुढच्या वेळचा भाव विचारा. शे-दोनशे नक्की कमी करतील.