म्हणे, लोकांना नकाशा कळत नाही

शहराच्या आराखड्यावर जनसभा घेणं बंद करा, असं सांगणारा एक मजकूर सध्या फिरतोय. त्याचा सूर थोडक्यात असा: सामान्य माणसाला नकाशा कळत नाही, सभेला येतात ते नुसता नन्नाचा पाढा लावणारे, त्यांच्यापायी कामं वर्षानुवर्षं रखडतात, आणि ऑपरेशन करताना सर्जन नातेवाइकांचं मतदान घेत नाही, मग रस्ता आखताना नगररचनाकाराने लोकांना का विचारावं?

मी याच पेशातला आहे, आणि मला हा मजकूर पाठवणारेही बहुतेक याच पेशातले आहेत. त्यांचा वैताग मला कळतो. रात्री साडेनऊला, चौथ्यांदा माईकची ओढाताण झाल्यावर, ‘कशाला बोलावलं यांना’ असं माझ्याही मनात आलेलं आहे. पण वैताग वेगळा आणि युक्तिवाद वेगळा. या चार मुद्द्यांपैकी एक अर्धा खरा आहे. उरलेल्या तिघांत दम नाही.

‘लोकांना नकाशा कळत नाही’

एका सभेत टेबलावर पसरलेला आमचा नकाशा एका आजींनी सरळ उलटा फिरवला. उत्तर दिशा खाली गेली. मी नकाशा पुन्हा सरळ केला, त्यांनी पुन्हा फिरवला. स्वतःच्या दारात उभं राहिल्यावर समोर जे दिसतं, तसा त्यांना तो हवा होता. मग एका हिरव्या पट्टीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘इथून पावसाळ्यात पाणी जातं.’ आम्ही ती जागा उद्यानासाठी धरली होती. सर्वेक्षण उन्हाळ्यात झालं होतं, त्यामुळे तो ओढा आमच्या कागदावर नव्हताच. त्या दिवशी टेबलापाशी नकाशा न कळलेला माणूस एकच होता, आणि त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं.

हा माझा एकट्याचा अनुभव म्हणून सोडून द्यायचा असेल तर मुंबईचं उदाहरण घ्या. २०१४ ते २०३४ या काळासाठीचा प्रारूप विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी आपापल्या भागाचा कागद उघडून पाहिला, तर कुठे उभ्या इमारतीतून रस्ता काढलेला, कुठे वारसा यादीतली वास्तू गायब, कुठे प्रार्थनास्थळ नाहीसं झालेलं. हरकती हजारोंनी आल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने आराखडा नव्याने करायला सांगितलं. ‘नकाशा न कळणाऱ्या’ लोकांनी जे काही आठवड्यांत शोधलं, ते तो बनवणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं होतं.

आमचे नकाशे वाचायला अवघड असतात हे मात्र खरं. बारा रंगांची सूची, आकडेवजा सांकेतिक खुणा, घरावरचं छप्पर टिंबाएवढं दिसेल असं प्रमाण. रस्ता अठरा मीटरचा होणार असं सांगून कोणाला काही उमगत नाही. त्याच रुंदीची रेघ चुन्याने जमिनीवर मारा. कोणाचा ओटा जातो, कोणाचं झाड जातं, हे पाच मिनिटांत सगळ्या गल्लीला कळतं. अर्थात मग प्रश्नही येतात. कदाचित म्हणूनच चुना स्वस्त असूनही फारसा वापरला जात नाही.

‘विचारत बसलं की कामं रखडतात’

हा मुद्दा सगळ्यांत जास्त वेळा पुढे पाठवला जातो, म्हणून इथे जरा थांबतो. एकाच शहरातले दोन रस्ते शेजारी ठेवून बघू.

अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या ऐन मधून १९५० च्या दशकात एक उन्नत महामार्ग नेला गेला. आजच्या अर्थाने सुनावण्या वगैरे काही नव्हत्या. हजारो माणसं हलवली गेली, वस्त्या मधोमध चिरल्या गेल्या, आणि १९५९ मध्ये रस्ता पुरा झाला. काम झटपट झालं, यात शंका नाही. पुढे तोच रस्ता वाहतूककोंडीसाठी कुप्रसिद्ध झाला. शेवटी तो जमिनीखाली नेण्याचं काम १९९१ मध्ये सुरू झालं आणि २००७ च्या अखेरीपर्यंत चाललं. खर्च साधारण पंधरा अब्ज डॉलरच्या घरात गेला. वाचवलेली वर्षं कुठे खर्ची पडली, हे इथे दिसतं.

त्याच शहरात आणखी महामार्ग आखलेले होते. त्यातल्या एकासाठी तर घरं पाडून पट्टा मोकळाही केला होता. रहिवाशांनी विरोध केला आणि तो वर्षानुवर्षं चालला. १९७० मध्ये राज्याचे गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी या शहरातल्या महामार्गांची बहुतेक कामं थांबवली. सार्जंट काही वर्षांपूर्वी स्वतः सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुख होते. महामार्ग हाच उपाय असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं आणि आपण चुकलो, हे त्यांनी दूरचित्रवाणीवर उघडपणे कबूल केलं. आमच्या पेशात अशी कबुली दुर्मीळ आहे, म्हणून मुद्दाम नोंदवतो. पुढे १९७३ च्या केंद्रीय कायद्याने महामार्गाचा निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळवायची वाट मोकळी झाली. पाडापाडी झालेल्या त्या पट्ट्यातून १९८७ मध्ये मेट्रो धावू लागली आणि तिच्या कडेने सुमारे साडेसात किलोमीटरचं लांबलचक उद्यान झालं. त्याच्या आखणीसाठी वस्त्यावस्त्यांत सभा झाल्या. सतरा वर्षं लागली हे खरं, पण ते काम उकरून पुन्हा करायची वेळ कोणावर आलेली नाही.

मुंबईचा आराखडाही रखडलाच की, असं कोणी म्हणेल. रखडला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. पण चुका सुनावणीने घातल्या नव्हत्या, सुनावणीने त्या बाहेर काढल्या. आपल्याकडे व्यवहारात क्रमच असा, की आधी प्रारूप बनतं आणि मग हरकती-सूचना मागवल्या जातात. लोकांना पहिल्यांदा बोलायला मिळतं तेव्हा नियोजनकर्त्याची काही वर्षांची मेहनत पणाला लागलेली असते. साहजिकच तो बचावाला उभा राहतो, लोक हल्ल्याला, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा अडवतोय. उशीर व्हायला नको असेल तर लोकांना आणखी लवकर बोलवावं लागेल. मजकुरात बरोबर उलटा उपाय सांगितला आहे.

‘सर्जन मतदान घेत नाही’

सर्जन संमतिपत्रावर सही मात्र घेतो. आणि त्याला एकाच शरीराचं भलं पाहायचं असतं. रस्तारुंदीत एकाचं अंगण जातं आणि दुसऱ्याची दहा मिनिटं वाचतात. किती गाड्यांना किती रुंदी लागेल हे मी हिशेब करून सांगू शकतो. दहा मिनिटांसाठी अंगण घ्यावं का, याचं उत्तर माझ्या पदवीत कुठेही शिकवलेलं नाही. सर्जनच्या या दाखल्यावर यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही.

‘येतात ते ठरावीकच, आणि विरोधालाच येतात’

हाच तो अर्धा खरा मुद्दा. बोस्टन विद्यापीठातल्या तीन राज्यशास्त्रज्ञांनी त्या परिसरातल्या ९७ शहरा-गावांच्या नियोजन सभांची इतिवृत्तं तपासली. बोलणारे लोक सर्वसाधारण रहिवाशांपेक्षा वयाने मोठे होते, त्यांत पुरुष जास्त होते, जुने रहिवासी आणि घरमालक जास्त होते. नव्या घरबांधणीच्या बाजूने बोलणारे जेमतेम १५ टक्के होते. भाडेकरू, तान्ही मुलं सांभाळणाऱ्या बाया, रात्रपाळीचे कामगार आणि ज्यांच्यासाठी ती घरं बांधायची ते लोक खोलीत फारसे नसावेत. तेव्हा ‘जनसभेत आलेलं मत म्हणजे जनमत’ असं मानणारे आमचे उत्साही मित्रही चुकतात, हे कबूल.

पण मग ती खोलीच बदलायची, की विचारणंच सोडायचं? खोली बदलता येते, आणि जगात ते करून झालेलं आहे.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून नगरपालिकेच्या भांडवली खर्चाचा प्राधान्यक्रम वस्त्यांच्या सभांमधून ठरवायला सुरुवात केली. तिथे गरीब वस्त्यांतली माणसं मोठ्या संख्येने येत, कारण सभेतून उठताना ‘आमच्या गल्लीत गटार होणार की नाही’ हे ठरण्याची शक्यता होती. नुसतं मत मांडायला संध्याकाळ घालवणं सगळ्यांना परवडत नाही. (तिथेही २०१७ मध्ये ही प्रक्रिया स्थगित झाली. राजकारण्यांची खप्पा मर्जी झाली की चांगल्या प्रथाही मोडतात.)

मेलबर्नने २०१४ मध्ये वेगळीच वाट धरली. येईल त्याला या म्हणण्याऐवजी शहराचं प्रतिबिंब उमटेल अशा बेताने सोडत काढून ४३ जण निवडले. त्यांना आकडेवारी दिली, महिनोन्‌महिने वेळ दिला आणि शहराच्या दहा वर्षांच्या आर्थिक योजनेवर शिफारशी मागितल्या. माईकची ओढाताण करणाऱ्यांना वाव राहिला नाही, कारण येईल त्याला प्रवेशच नव्हता.

स्टॉकहोमची गोष्ट तर या मजकुराच्या लेखकाने दोनदा वाचावी. शहरात येणाऱ्या गाड्यांवर गर्दी-शुल्क लावायच्या कल्पनेला लोकांचा आधी चांगलाच विरोध होता. मग २००६ च्या जानेवारी ते जुलैपर्यंत ते प्रत्यक्ष लावून पाहिलं. शुल्क जिथे लागायचं त्या हद्दीवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी उतरली. सप्टेंबरमध्ये शहरात सार्वमत झालं आणि थोड्या मताधिक्याने होकार आला. आसपासच्या ज्या नगरपालिकांनी आपापलं सार्वमत घेतलं, तिथून नकार आला, तोही नोंदवायला हवा. तरी शहरापुरतं पाहिलं तर जे लोक कागदावर ‘नाही’ म्हणत होते, त्यांतले बरेच जण सात महिने जगून पाहिल्यावर ‘हो’ म्हणाले.

आणि लोकांना विचारायचा कार्यक्रम म्हणजे सभागृह, खुर्च्या, हारतुरे आणि सादरीकरणच असंही नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचं नगररचनेचं प्रदर्शन भारताकडे येताना १९१४ मध्ये जर्मन युद्धनौकेच्या तावडीत सापडलं आणि समुद्रात बुडालं. त्यांनी पुन्हा साहित्य गोळा केलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन मांडलं. पुढे इंदूरला आराखडा करताना त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्गच हातात घेतला. ज्या रस्त्यावरची घरं सगळ्यांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील, मिरवणूक तिथून जाईल, असं जाहीर केलं. प्लेगचे दिवस होते. घरोघरचा कचरा गाड्या भरभरून बाहेर निघाला. लोक सभेला येत नाहीत म्हणून कुरकुरण्याऐवजी लोक जिथे आधीच जमतात तिथे हा माणूस गेला.

मजकुराच्या शेवटी एक ओळ आहे: लोकांनाच रस नाही, हजेरी बघा. ही ओळ मला झोंबली, कारण ती मी स्वतः लिहिलेली आहे. त्या आजींनी दाखवलेला ओढा आमच्या सुधारित नकाशात आला, उद्यान पलीकडे सरकलं. तसं झाल्याचं त्यांना कोणी कळवलं नाही. मीही नाही. आमच्या हरकतींच्या नोंदवहीत ‘निर्णय’ असा रकाना होता, ‘हरकतदारास कळवले’ असा नव्हता. पुढच्या सभेला त्या आल्या नाहीत. अहवालात आम्ही लिहिलं, ‘नागरिकांचा अल्प प्रतिसाद.’