केसानं गळा कापणारा मेसेज

परवा रात्री साडेनऊला बेळगावातल्या अनगोळहून भाचीचा फोन. आवाज रडवेला. "मावशी, सासूबाई म्हणतात साखरीला कुठंतरी सोडून या. मला सातवा लागला ना!" साखरी म्हणजे तिची पांढरी पर्शियन, चार वर्षांची. कारण काय, तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज. 'पर्शियन मांजर पाळताय? सावधान!' खाली पाच मुद्दे आणि शेवटी अकरा जणांना पाठवायचा हुकूम. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अक्कांनी तोच मेसेज मला कन्नडमध्ये दाखवला. सीमाभागात दोन्ही भाषांचं एवढं एकमत मी पहिल्यांदाच बघितलं.

मुद्दा पहिला: 'हिचा लांब केस पोटात गेला की गर्भाभोवती गुंडाळतो आणि मूल दगावतं.' अहो, गिळलेला केस जठरात जातो, तिथून आतड्यात आणि मग बाहेर. गर्भाशय ही वेगळी पिशवी आहे, अन्ननलिकेतून तिकडे वाटच नाही. वाट असती तर शहापूर-वडगावात मागावर जन्म काढलेल्या बायकांच्या पोटात सुताचे गुंडेच निघाले असते. आपलाच केस आमटीत सापडतो तेव्हा कुणी गर्भाची काळजी करत नाही, बाजूला काढतो आणि जेवतो.

आता यातलं अर्धं खरं सांगते, नाइलाजानं. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी आहे. गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर बाळाला खरंच धोका असतो, आणि तो मांजराच्या विष्ठेतून पसरतो. विष्ठेतून, केसातून नव्हे. अमेरिकेतली सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था स्वच्छ सांगते की गरोदर बाईनं मांजर सोडून देण्याची गरज नाही, आणि मांजराच्या अंगावरच्या केसांत हा परजीवी सहसा नसतो. लागण झालेलं मांजर फार तर 3 आठवडे तो विष्ठेतून टाकतं, आणि टाकल्यावरही तो बाधक व्हायला 1 ते 5 दिवस लागतात. म्हणून लिटरचा डबा, म्हणजे मांजराच्या शी-शूचा वाळूचा डबा, रोज साफ करायचा, आणि गरोदर बाई सोडून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचा. मांजराला कच्चं मांस घालायचं नाही, बाहेर उंदरामागं सोडायचं नाही. साखरीनं जन्मात उंदीर पकडलेला नाही. तिच्यापेक्षा अर्धवट शिजलेलं मटण आणि न धुता चिरलेली कोथिंबीर-गाजराची कोशिंबीर यांची भीती बाळगा. हा परजीवी मातीतूनही येतो, आणि आपल्याकडं भाजी शिवारातल्या मातीसकट येते. ती धुवा की!

दुसरा मुद्दा वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. 'मांजराला ताप आला तर माणसाची तापाची गोळी अर्धी द्या.' पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. आपलं यकृत ही गोळी ज्या मार्गानं निकामी करतं, तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. अर्धी काय, पाव गोळीही द्यायची नाही. चुकून दिली असेल तर वाट बघू नका, तडक जनावरांच्या डॉक्टरकडं न्या. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोग. गर्भ वाचवायला निघालेला हा मेसेज मांजर मात्र नक्की मारेल.

तिसरा, 'दूध-भात पुरे.' पुरत नाही. टॉरिन नावाचा घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवत नाही, तो मांसमच्छीतून मिळतो. कमी पडला तर हृदय आणि दृष्टी दोन्ही जातात. शाकाहारी घरात हे अवघड वाटतं, कळतं मला. मग मांजरांसाठीचं तयार खाणं आणा. शिवाय मोठ्या मांजरांना बऱ्याचदा दूध पचत नाही, हगवण लागते.

चौथा, 'उन्हाळ्यात पूर्ण टक्कल करा.' केसांत गाठी होऊन कातडी ओढली जात असेल तर डॉक्टर भादरतील, ते वेगळं. एरवी रोज कंगवा फिरवा. या चपट्या नाकाच्या जातीला उकाड्यात श्वास घ्यायला त्रास होतो, तेव्हा सावली, पाणी आणि पंखा महत्त्वाचा. आणि केसांचा खरा त्रास मेसेजात आलाच नाही! पर्शियनांना बुरशीचा नायटा सहज होतो, तो माणसालाही लागतो. बेळगावच्या पावसाळ्यात केस ओले ठेवू नका.

पाचवा, 'घरातच असते, लस नको.' पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू तुमच्या चपलेबरोबर घरात येतो. लस द्या.

विहीणबाईंना हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. "मग केसाचं काय?" असं त्यांनी तरीही दोनदा विचारलं. पण साखरी अजून अनगोळातच आहे. लिटरचा डबा जावयांच्या गळ्यात पडलाय. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल बांधून बसले होते म्हणे.