'सुटलेल्याला गावात घेऊ नका' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आठवडाभरापासून आमच्या वर्धा जिल्ह्यात गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. जेलातून सुटलेला पुन्हा तेच करतो, सरकार त्याला पैसे देऊन पोसतं, पॅरोलवाल्यावर कोणाचं लक्ष नसतं, म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या आणि असल्यांना गावाबाहेर काढा, असा मजकूर. मला तो तिघांनी पाठवला, त्यात माझा चुलतभाऊही आहे. मी तालुका कोर्टात वकिली करतो. अशी माणसं रोज समोर येतात, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट. जेलात होता म्हणजे गुन्हेगार, हे मेसेजनं धरूनच चाललंय. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांवर गुन्हा शाबीतच झालेला नव्हता.

आता 'पुन्हा तेच करतो'. काही जण करतात, नाकारत नाही. पण कसं करतात ते पाहा. जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. पुलगावचा पूल ओलांडला की पलीकडे परवान्यानं मिळते. आमच्याकडचा एक जण दारूच्याच केसमध्ये आत जाऊन आला. सुटला तेव्हा सोयाबीन सोंगायचे दिवस होते. मजूर मिळत नव्हते, हुंड्याचा, म्हणजे उक्त्या कामाचा, भाव चढलेला, तरी त्याला कोणी टोळीत घेतलं नाही. माझंही चार एकर उभं होतं. मीही निरोप धाडला नाही. दिवाळीच्या आधी तो जुन्याच हातभट्टीवाल्याच्या गाडीवर मागं बसलेला दिसला. त्याला बोलावणारा तेवढाच एक निघाला. संध्याकाळी ग्रुपवर आलं, 'पाहा, सांगितलं होतं ना.'

'सरकार पोसतं' यावर फार लिहिण्यासारखं नाही. सुटताना हातात येते ती आत केलेल्या कामाची मजुरी. लहान धंद्यासाठी महिला व बालविकास विभागाकडं अर्थसहाय्य मागता येतं, जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यामार्फत, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरमार्फत. पण हा अधिकारी असतो हेच बहुतेकांना माहीत नसतं. रोजगार हमीचं काम मागायला मात्र शिक्षा आड येत नाही, आणि बाहेर आल्यावर मतदानालाही नाही.

लक्ष ठेवण्याचं म्हणाल, तर मेसेज नेमका उलटा आहे. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, फर्लो म्हणजे संचित रजा; दोन्ही शिक्षा चालू असतानाच काही दिवस घरी जायच्या. दोन्हींसाठी आधी पोलिसांचा अहवाल जातो, जामीनदार लागतो, ठाण्यात हजेरीची अट घालता येते. शिवाय अभिवचन रजेचे दिवस शिक्षेत धरलेच जात नाहीत, ते नंतर भरून द्यावे लागतात. १९५८ च्या परिविक्षा कायद्यानं कोर्ट एखाद्याला शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतं, तेव्हा देखरेखीचा हुकूम काढता येतो, तो किमान वर्षभराचा. त्याला काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं हेही परिविक्षा अधिकाऱ्याच्या कर्तव्यात लिहिलेलं आहे. लक्ष खरोखर सुटतं ते पूर्ण शिक्षा भोगून आलेल्यावरचं. त्याच्यामागं ना हजेरी असते, ना अधिकारी. त्याच्याकडं बघणारी असतात घरची माणसं आणि ज्याच्या वावरात तो कामाला जातो तो शेतकरी. मेसेज नेमकं तेच तोडायला सांगतो.

ठरावाचं तर विसराच. माणसाला तडीपार करायचा अधिकार ग्रामसभेला नाही. खेड्यात तो १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडं असतो. तोही त्या माणसाचं म्हणणं ऐकून घेऊन, आणि जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. आपण सरपंचाच्या सहीनं जन्मभराची तडीपारी काढायला निघालोय!

मेसेजमधली भीती मात्र खोटी नाही. ज्या बाईवर हात टाकला तिचं घर त्याच गल्लीत असेल, तर तिला झोप कशी लागणार? तिचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. त्यासाठी जागा आहे. रजेवर सोडण्याआधी पोलीस गावात चौकशीला येतात, पोलीस पाटलाला विचारतात, शेजाऱ्यांचे जबाब घेतात. मी असे कितीतरी जबाब वाचले आहेत. 'आमची काही हरकत नाही', खाली चार सह्या. त्यांतल्या एका सहीवाल्यानं मंगळवारी मला तो मेसेज पाठवला.