पोकळ दांडीचं लोटस कोणतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

लोटस ही हरभऱ्या-तुरीच्या कुळातली झाडं, नाव तसं असलं तरी कमळाशी नातं नाही. त्यांच्या जाती ओळखण्याबद्दलच्या माझ्या लेखात पोकळ दांडी म्हणजे लोटस पेडंक्युलेटस, भरीव म्हणजे लोटस कॉर्निक्युलेटस असा नियम होता. त्यावर तुमचे आक्षेप दोन. इंग्लंडमध्ये रस्त्याकडेच्या कोरड्या जागी गुडघाभर उंच लोटस मिळालं, दांडी चिरली तर पोकळ. लेखातल्या नियमाने ते लोटस पेडंक्युलेटस ठरतं, पण ती जात तर पाणथळ कुरणातली. आणि लेखातला लालसर कळ्यांचा फोटो लोटस कॉर्निक्युलेटसचा नाहीच, असं तुमचं म्हणणं.

पहिला आक्षेप मान्य. दांडीची खूण लेखात सगळ्यांत वर आली, ती तिसरी हवी होती. कुरणात आपोआप वाढणाऱ्या कॉर्निक्युलेटसची दांडी बहुधा भरीव असते. पण चाऱ्यासाठी निवडून वाढवलेला त्याचाच 'सटायव्हस' प्रकार उभा, दणकट आणि पुष्कळदा पोकळ दांडीचा असतो. रस्त्याकडेला पेरतात त्या बियाण्याच्या मिश्रणांतून तो सर्रास येतो. कोरडी जागा आणि उंची पाहता तुमचं झाड तेच असावं.

खात्री करायची तर आधी न उमललेली कळी घ्या आणि दहापट भिंगाखाली बाजूने पाहा. निदलपुंजाचे (फुलाच्या तळाशी असलेल्या हिरव्या पेल्याचे) पाच दाते कळीला चिकटून सरळ उभे असतील तर कॉर्निक्युलेटस. चांदणीसारखे बाहेर वळलेले असतील तर पेडंक्युलेटस. फूल उमललं की ही खूण पुसट होते, म्हणून कळीच हवी. मग उमललेल्या फुलात निदलपुंजाचे वरचे दोन दाते पाहा. त्यांच्यामधली खाच कॉर्निक्युलेटसमध्ये रुंद, गोलसर असते आणि पेडंक्युलेटसमध्ये अरुंद, टोकदार. दांडी त्यानंतर चिरा, तीही मधल्या पेरात. फुलोऱ्यात फुलं मोजायची तर चार-पाच फुलोरे मोजा. कॉर्निक्युलेटसमध्ये साधारण 2 ते 7 आणि पेडंक्युलेटसमध्ये 5 ते 12 फुलं असतात, त्यामुळे सहा फुलांचा एकच फुलोरा काहीच सांगत नाही. केसांवर तर मुळीच जाऊ नका. पेडंक्युलेटस बहुधा केसाळ असतं खरं, पण कॉर्निक्युलेटसही गुळगुळीत ते चांगलं केसाळ असं कसंही सापडतं.

फोटोबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. कळ्या लाल, पाकळ्यांवर तांबड्या रेघा किंवा फूल निव्वळ पिवळं, हे सगळं एकाच जातीत, कधी एकाच कुरणात दिसतं. हाच प्रकार विषाचा: चुरगळल्यावर काही झाडांतून हायड्रोजन सायनाइड सुटतो, शेजारच्या झाडातून नाही. जात तीच.

तिसरी जात लोटस टेन्युइस. तिची पानं पाहताना पर्णिका (एका पानातली छोटी पानं) दांडीच्या मध्यावरची मोजा, कारण शेंड्याकडची पानं सगळ्याच जातींत अरुंद होत जातात. लांबी रुंदीच्या चौपटीहून जास्त आणि फुलोऱ्यात 2 ते 4 फुलं असतील तर टेन्युइसचा विचार करा. आणि पर्णिका तीन नव्हे, पाच असतात. देठाच्या तळाशी उपपर्णांसारख्या (पानाच्या बुडाशी येणाऱ्या छोट्या पानासारख्या भागांसारख्या) दिसणाऱ्या दोन्हीही पर्णिकाच. पर्णिकांच्या चार-पाच जोड्या दिसल्या आणि शेंग घोड्याच्या नालांची माळ वाटली, तर ते लोटस नसून त्यासारखंच दिसणारं वेगळं झाड, हिप्पोक्रेपिस कोमोसा.

झाडाला अजून कळ्या असतील तर एका कळीचा बाजूने, जवळून फोटो पाठवा. वरून काढलेल्या फुलाच्या फोटोत दाते दिसत नाहीत.