‘आधी डिपॉझिट भरा, मग बिल माफ’ हे कुणालाही सांगू नका

‘ट्रस्टच्या हॉस्पिटलांत 20 टक्के खाटा पूर्ण मोफत. दाखल होताना गरीब आहोत हे सांगू नका, नाहीतर खाट मिळणार नाही. डिपॉझिट भरा, डिस्चार्जच्या दिवशी रेशनकार्ड दाखवा, सगळं बिल माफ. नकार दिला तर धर्मादाय आयुक्त त्याच दिवशी परवाना रद्द करतात.’ हा मेसेज आत्याने मला पाठवला. तिच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, आणि हे वाचून त्या डिपॉझिटसाठी गंठण गहाण ठेवायला निघाल्या होत्या. त्यामुळे गप्प बसवत नाही.

20 टक्के खाटांची गोष्ट अर्धी खरी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये योजना ठरवून दिली. तिच्यात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या आहेत. निर्धन म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजारांपर्यंत उत्पन्न, दुर्बल म्हणजे 3 लाख 60 हजारांपर्यंत. दुसऱ्या गटाला औषधं, इम्प्लांट यांच्या खर्चाचा निदान निम्मा वाटा भरावाच लागतो. तेव्हा सरसकट ‘पूर्ण मोफत’ नाही.

आता ‘गरीब आहोत हे सांगू नका’. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. योजनेत उत्पन्नाची पडताळणी दाखल होतानाच होते: तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड, बीपीएल कार्ड बघून. सांगितलंच नाही तर तुम्ही साधे पैसे भरणारे पेशंट. बिलही तसंच चढत जातं. राखीव खाटेवरच्या निर्धन पेशंटला खाट, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लागत नाहीत आणि बाकीचं बिल कमी दराने लागून निर्धन रुग्ण निधीतून वळतं होतं. हा निधी इतर पेशंटांच्या एकूण बिलाच्या 2 टक्क्यांतून उभा राहतो. शेवटच्या दिवशी बिलाच्या खिडकीवर कार्ड पुढे केलं की तो आपोआप उघडत नाही. तिथे ‘आधी का नाही सांगितलंत?’ एवढंच ऐकायला मिळतं, आणि मग घरचे डिपॉझिटसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज मोजत बसतात.

डिपॉझिटबद्दल तर योजना उलटंच सांगते. तातडीच्या पेशंटला लगेच दाखल करून घ्यायचं, जीव वाचवायचे उपचार सुरू करायचे आणि त्याच्याकडे अनामत रक्कम मागायचीच नाही. हर्नियाचं ऑपरेशन तातडीचं नाही, ठरवून होतंय, म्हणून ताईंकडे आधी दाखला काढायला वेळ आहे.

परवाना रद्द वगैरे सोडा, ते त्या आयुक्तांचं कामच नाही. हॉस्पिटलची नोंदणी वेगळ्या कायद्याखाली, वेगळी यंत्रणा करते.

एक मात्र मान्य करावं लागेल. ‘राखीव खाटा भरल्यात’ असं सांगून गरिबांना परत पाठवलं जातं आणि ह्या मेसेजवर लोक विश्वास ठेवतात तो त्या अनुभवातून. पण त्यावर उपाय लपवणं नाही. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन आधी अर्ज द्या, सोबत दाखल्याची झेरॉक्स जोडा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. खाट नाही म्हणाले तर तेही लेखी मागा. दिलं नाही तर तारीख, वेळ, कोण बोललं ते लिहून त्याच दिवशी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार द्या.