वर्गातला मोबाइल : एक सुगम मार्गदर्शिका

शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे, हे शाळेनं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळवलेलंच आहे. गृहपाठही तिथंच येतो. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड छापलेले असतात आणि ते नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत. फ्रान्सनं 2018 मध्ये कायदाच करून पंधरा वर्षांखालच्या मुलांचे फोन शाळेत बंद केले. आपल्याकडं मात्र हौशी विद्यार्थ्याला अजून वाव आहे.

जागेपासून सुरुवात करा. शेवटचा बाक नवशिक्यांचा. फळ्याकडून वळलेली नजर आधी तिथंच जाते. भिंतीकडचा तिसरा बाक घ्या, पुढं अंगानं भरलेला मित्र बसवा. ब्राइटनेस अगदी खाली आणा, नाहीतर हनुवटी खालून उजळते, आणि चष्मा असेल तर काचेत रील उलटी दिसते. हसू मात्र आवरा. त्रिकोणमिती चालू असताना स्वतःच्या मांडीकडं बघून खुदकन हसणारा मुलगा ओळखायला बी.एड. लागत नाही.

आता आवाज. खरी माती इथंच होते. सायलेंट केल्यानं रिंग बंद होते. गजराचा आणि व्हिडिओचा आवाज वेगळा असतो. क्लासला जायचं म्हणून लावलेला चारचा गजर भूगोलाच्या तासाला इमानेइतबारे वाजतो. व्हायब्रेटवर ठेवून फोन बाकाच्या कप्प्यात सरकवलात तर लाकूड आवाज वाढवतं, आणि शेजारी स्टीलचा डबा असेल तर विचारायलाच नको. विज्ञानाच्या बाईंना ध्वनीच्या धड्याचं प्रात्यक्षिक आयतं मिळतं. ब्लूटूथचं तसंच: इयरबड जोडला गेलाय असं गृहीत धरून प्ले दाबलं की गाणं सर्वांसाठी खुलं होतं.

शिक्षकांपेक्षा मोठा धोका आईचा. ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून फोन दप्तरात तिनंच टाकलेला असतो, आणि मधली सुट्टी संपून तास सुरू झाला की पहिला कॉल तिचाच: ‘भाजी संपवलीस का रे?’

फळ्यावरचं लिहून घेण्याचे कष्ट घेऊ नका, फोटो काढा. फ्लॅश आणि कॅमेऱ्याचा आवाज आधी बंद करा. फ्लॅश पडला की फळा चकाकतो, अक्षरं जातात आणि सर वळतात. परीक्षेच्या आदल्या रात्री गॅलरीत चारशे फळे निघतील. त्यातला कुठला इतिहासाचा आणि कुठला नागरिकशास्त्राचा, ते शोधण्यात उजळणी आपोआप होते.

हॉटस्पॉटला स्वतःचं नाव ठेवू नका. संगणकाच्या सरांना नेटवर्कच्या यादीत ते ठळक दिसतं, तेही हजेरीपटाबरहुकूम. (सर स्वतः तासाला फोनमध्ये डोकं घालून असतील तर गैरसमज नको. पोषण आहाराचे आकडे ऑनलाइन भरायचे असतात. निदान ते तसं सांगतात.)

तरीही झडती आलीच तर घरातला जुना, बंद पडलेला फोन जमा करायची पद्धत रूढ आहे. खाली मान घालून दोन्ही हातांनी द्यावा. मात्र तुमचा नंबर वर्गशिक्षकांकडं असतो आणि अनुभवी बाई तो तिथल्या तिथं लावून बघतात. टेबलावरचा फोन गप्प आणि दप्तर वाजतंय, अशा वेळी टेबलावरचाच उचलून ‘हॅलो’ म्हणू नये.