डोक्याचा नकाशा बघून गोळी मागू नका

डोक्याचं एक रंगीत चित्र सध्या आपल्याकडच्या ग्रुपांवर फिरतंय. कपाळ दुखलं की सायनस, एक बाजू दुखली की पित्त, मागून दुखलं की बीपी, भोवती पट्टा आवळल्यासारखं वाटलं की टेन्शन. खाली सल्ला: जागा ओळखा, गोळी घ्या, दवाखान्याचे पैसे वाचवा. परभणीत मोंढ्याजवळ माझं मेडिकल आहे. लोक मोबाइल काउंटरवर ठेवतात, लाल रंगावर बोट टेकवतात आणि म्हणतात, "याची द्या." तेव्हा एकेक रंग घेऊनच बोलू.

आधी बीपी, कारण यात नुकसान जास्त आहे. "मागून लई दुखायलंय भाऊ, बीपीची गोळी द्या की." बीपी थोडंफार वाढलेलं असलं तर बहुतेकांचं डोकं दुखतच नाही. काहीच कळत नाही, खरी अडचण तीच. मान आणि मागची बाजू पुष्कळदा स्नायू आखडून दुखते. आडतीवर दिवसभर मान खाली घालून पट्ट्या लिहिणाऱ्या मुनिमाला विचारा. चित्र मानणारा माणूस उलटा हिशोबही लावतो: डोकं दुखत नाही म्हणजे बीपी उतरलं, मग चालू गोळी बंद. बीपी 180/120 च्या वर गेलं आणि सोबत डोकं दुखतंय, धूसर दिसतंय, छातीत दुखतंय, तर तडक दवाखाना. पण ते मशीन लावून कळतं, बोट ठेवून नाही.

आता पित्त. एका बाजूचं ठणकणं, मळमळ, उलटी झाली की हलकं वाटणं; यावरून निदान ठरतं, आणि आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना तेच सांगितलं जातं. ही लक्षणं अर्धशिशीची, म्हणजे मायग्रेनची आहेत. तो मेंदू आणि मज्जातंतूंचा आजार आहे. उलटी त्या झटक्याचाच भाग, कारण नव्हे. उपचार नाही झाला तर झटका 4 ते 72 तास चालतो, जिना चढला तरी वाढतो, उजेड आणि आवाज नकोसा होतो. काहींना दुखणं सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा दिसतात. आणि बऱ्याच जणांचं डोकं दोन्हीकडून दुखतं, त्यामुळे चित्राचा 'एक बाजू' हा नियम इथंच मोडतो. बायकांमध्ये हा त्रास पुरुषांच्या जवळपास तिप्पट. उपवास, चुकलेलं जेवण, जागरण, मे महिन्यातलं ऊन, पाळी, यांपैकी काहीही निमित्त होतं. झटक्यात पोटाचं काम मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. पहाटे सूर्य उगवायच्या आत जिलेबी खाण्याचा उपाय आमच्या भागात अजून चालतो. उपाशी पोटामुळे दुखत असेल तर खाल्ल्यानं बरं वाटेलही, पण गुण जिलेबीचा नाही.

एका बाजूच्या दुखण्याचा दुसरा, दुर्मिळ प्रकार या चित्रात नाहीच. डोळ्याभोवती असह्य कळ, त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाणी, नाकही वाहतं. 15 मिनिटं ते 3 तास, आणि दिवसातून अनेकदाही. याला क्लस्टर डोकेदुखी म्हणतात. अर्धशिशीचा रोगी अंधारात पडून राहतो, हा घरभर येरझाऱ्या घालतो. यावर डॉक्टर मास्कनं जोरात ऑक्सिजन देतात. जागा तीच, आजार वेगळा, उपचार वेगळा.

सायनसबद्दल थोडक्यात. अमेरिकेत 2004 साली छापून आलेल्या अभ्यासात 'सायनसची डोकेदुखी' सांगणारे सुमारे 3,000 लोक तपासले. 88 टक्क्यांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसली. खऱ्या सायनसमध्ये नाक चोंदतं, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो, वास जातो, बऱ्याचदा ताप असतो.

टेन्शनच्या पट्ट्याला मात्र अर्धे मार्क देतो. दोन्हीकडून आवळल्यासारखं, ठणका नाही, उलटी नाही, काम रेटता येतं. अर्धा तास ते 7 दिवस. वर्णन बरोबर आहे, सल्ला चुकीचा.

कारण ती गोळीच पुढे दुखणं होते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, एकापेक्षा जास्त औषधं असलेली मिश्र गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, "आता एकीनं भागत नाही." माझा धंदा वाढतो, हे कबूल. घेतलेल्या प्रत्येक गोळीची फुली कॅलेंडरवर मारा आणि ते पान डॉक्टरांना दाखवा.

चित्राला न दिसणाऱ्या गोष्टी तर याहून गंभीर. क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं, ताप आणि ताठ मान, बोलण्यात अडखळ किंवा हातपाय लुळा, डोक्याला मार, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, गरोदर किंवा बाळंतीण बाई: यात गोळी मागायला माझ्याकडे येऊ नका, दवाखाना गाठा. आणि कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाचं डोकं दुखत असेल, सोबत घाम, लाळ, मळमळ असेल, बाहुल्या बारीक झाल्या असतील, तर 'ऊन लागलं' म्हणून कांदा हुंगवत बसू नका. कपडे बदला, अंग साबणानं धुवा, लगेच सरकारी दवाखान्यात न्या, आणि फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घ्या. लेबलावरचं नाव डॉक्टरांना लागतं.